पोत्सुओलीचे तीन स्तंभ

गंडकींतील शाळिग्रामाचें चक्र वज्रकीट नांवाचा किडा कोरतो, ही समजूत आपल्या देवघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तें चक्र म्हणजे वस्तुतः पुरातन सागरांतील एका प्राण्याच्या शंखाचा ठसा होय. तथापि पाषाण पोखरणारे जीव ही केवळ कविकल्पना नव्हे. त्यांचें हस्ताक्षर पहावयाचें असेल, तर इटलींत नेपल्सच्या पश्चिमेस समुद्रकांठीं वसलेल्या पोत्सुओली गांवीं जावें.

तेथें बंदरानजीक, सभोंवतालच्या रस्त्यांहून खोल अशा प्रांगणांत संगमरवराचे तीन स्तंभ उभे आहेत. १७५० सालच्या उत्खननांत येथें सेरापिस देवतेची मूर्ति सांपडली, म्हणून हें देवालय समजलें गेलें. खरें पाहतां ही रोमन काळची मंडई. स्तंभांची उंची सुमारें ४२ फूट. खालचे १२ फूट गुळगुळीत. त्यावरील सुमारें ९ फुटांचा पट्टा मात्र छिद्रांनीं अगदीं चाळणीसारखा झालेला आहे.

हीं छिद्रें 'लिथोफागा', म्हणजे अश्मभक्षक, नांवाच्या खजुरासारख्या शिंपल्याचीं. नांव असें असलें तरी तो दगड खात नाहीं. आपल्या स्रावानें चुनखडीचा पाषाण विरघळवून त्यांत घर करतो. देह वाढतो तसें घर आंतून रुंदावतें, दार मात्र अरुंदच राहतें. त्यामुळें या गृहस्थास आमरण बाहेर पडतां येत नाहीं. तो मरतो, बीळ उरतें.

हा जीव समुद्राखेरीज जगत नाहीं. अर्थात् हे स्तंभ उभ्या स्थितींतच वीस फुटांहून अधिक बुडाले होते. खालचा भाग राख व दगडमातींत गाडला गेल्यामुळें तेवढा वांचला. चार्ल्स लायेल या भूगर्भशास्त्रज्ञानें १८२८ सालीं हें स्थळ पाहिलें आणि १८३० च्या आपल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठासमोर या स्तंभांचेंच चित्र दिलें. समुद्र चढला असता तर तो सर्वत्र चढला असता. म्हणून येथील भूमीच खचली व पुन्हा वर आली, आणि तेंही इतक्या सावकाश कीं स्तंभ ढळले नाहींत, असा त्याचा निष्कर्ष. अलीकडील कालमापनावरून तर असें बुडणें तीन वेळां घडलें.

कारण हें गांव ज्वालामुखीच्या विस्तीर्ण मुखांत वसलें आहे. १५३८ सालीं जवळच थोड्या दिवसांत एक नवा डोंगर उभा राहिला. १९७० सालीं 'रिओने तेर्रा' या प्राचीन वस्तींतील लोकांस घरें सोडावीं लागलीं. १९८२ ते १९८४ या काळांत जमीन सुमारें सहा फूट उचलली गेली, व हजारों कुटुंबें हलविण्यांत आलीं. २००५ पासून ती पुन्हा वर चढूं लागली.

आमच्या कोशकारांनीं पृथ्वीस 'अचला' म्हटलें. पोत्सुओलीच्या शाळेंत तो शब्द शिकविणें कठीणच. जुनें घर सोडावें कीं धरून राहावें, हा प्रश्न तेथील वडीलधाऱ्यांपुढें भूकंपाच्या प्रत्येक धक्क्यासरशीं उभा राहतो. उत्तर त्या छिद्रांत नाहीं. परंतु भूमि पूर्वीं हलली होती, याची साक्ष तीं निर्विवाद देतात.