दुखण्याची साक्ष

शाळेच्या कचेरींत एक जाड फाइल आहे. तिच्यांत विद्यार्थ्यांचे रजेचे अर्ज लावलेले असतात. वर्गशिक्षकाचें काम ज्यानें दहापांच वर्षें केलें, त्याला ते अर्ज वाचावे लागतच नाहींत. नुसते पाहिले कीं पुरे. ‘तापानें आजारी असल्यामुळें मी शाळेंत येऊं शकलों नाहीं’ हें वाक्य आमच्या माणगांव तालुक्यांत पिढ्यानपिढ्या चालत आलेलें आहे. आषाढांत भाताची लावणी सुरू झाली कीं ह्या तापाची सांथ येते आणि गणपतीच्या आदल्या दिवशीं तिला जोर चढतो. सहलीच्या दिवशीं मात्र आजवर कोणालाही ताप आल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं. विद्यार्थिमित्रांनीं रागावूं नये. ही विद्या तुम्हीं घरींच शिकलां आहां. मुंबईस नोकरी करणारे तुमचे आजोबा गणपतीला गांवीं येतां यावें म्हणून ‘आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा’ अशी तार गांवाहून मागवीत असत, हें कोंकणांत कोणापासून लपलेलें आहे? जुलै २०१३ मध्यें आपल्या देशांतील तारसेवा बंद झाली, आणि कितीतरी आयांना कायमचा आराम पडला.

सगळीं सोंगें आणतां येतात, पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, अशी आपली म्हण आहे. त्या सगळ्या सोंगांत दुखण्याचें सोंग सर्वांत स्वस्त. ताप असला तर कपाळाला हात लावून पाहतां येतो, कावीळ डोळ्यांत दिसते, मोडलेला हात झोळींत असतो. पण पोटांतील कळ, पाठींतील उसण, डोक्यांतील ठणका आणि कोणत्याच अवयवांत न सांपडणारा थकवा ह्यांना साक्षीदार एकच, आणि तोही स्वतः फिर्यादीच. मुलांना वाटतें कीं, संशय फक्त त्यांच्याच वाट्याला येतो. तो मोठ्या माणसांच्याही वाट्याला येतो. तेथें त्याला ‘चौकशी’ असें भारदस्त नांव मिळतें, इतकेंच.

कांहीं वर्षांपूर्वीं श्रावणांत आमचे एक सहशिक्षक रजेवर गेले. ते गणित शिकवीत. पहिल्या आठवड्यांत शिक्षकांच्या खोलींत त्यांच्याविषयीं सर्वांना कळवळा होता. कोणी गुळवेलीचा काढा सुचविला, कोणी निजामपूरच्या बाजूचा एक वैदू. दुसऱ्या आठवड्यांत त्यांचे तास आमच्यांत वांटले गेले. नववीचें बीजगणित माझ्याकडे आलें. माझा विषय मराठी. ‘क्ष’ आणि ‘य’ ह्यांची आणि माझी गांठ सुटून तीस वर्षें झालीं होतीं. मी रात्रीं गृहपाठ करूं लागलों आणि सकाळीं तो मुलांपुढें म्हणून दाखवूं लागलों. तिसऱ्या आठवड्यांत दोन तुकड्या एका खोलींत बसवाव्या लागल्या. बाहेर पत्र्यावर पावसाचा मारा, आंत नव्वदावर मुलें, आणि फळ्याजवळ मी. त्याच आठवड्यांत आमचा कळवळा ओसरला. दुखणें हत्तीच्या पावलानें येतें आणि मुंगीच्या पावलानें जातें, हें आम्हां सर्वांना पाठ होतें. परंतु त्या मुंगीची वाट पाहण्याचें काम ज्यांच्याकडे येतें, त्यांना ती मुद्दाम थांबली आहे असें वाटूं लागतें.

मग पाहणारे निघाले. एकानें त्यांना मंगळवारीं एस्. टी. स्थानकाजवळ केळीं घेतांना पाहिलें. दुसऱ्यानें गुरुवारीं मोर्ब्याच्या रस्त्यानें छत्री घेऊन चालतांना पाहिलें. ‘अगदीं ठणठणीत!’ हा शब्द त्या दोन दिवसांत मीं जितक्या वेळां ऐकला, तितक्या वेळां घंटाही ऐकली नसेल. ताप आलेला माणूस थंड केळीं कशाला घेईल, असा एक प्रश्न निघाला. घरांत दुसरीं माणसें असतात आणि तींही केळीं खातात, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

वैद्यकीय दाखला तर होता. आपल्या राज्यांत सरकारी नोकरांच्या रजेचे नियम १९८१ चे आहेत. त्यांत वर्षाला २० दिवसांची अर्धपगारी रजा मिळते, आणि वैद्यकीय दाखला जोडला तर ती निम्म्या दिवसांची पूर्णपगारी करून घेतां येते. शाळांतील रजाही बव्हंशीं ह्याच वळणावर चालते. म्हणजे डॉक्टराच्या सहीपाशीं संशयानें थांबावें, असें नियमानें ठरवून दिलेलें आहे. परंतु संशयाला वाचतां येत नाहीं. ‘दाखला काय, कोणीही देतो,’ असें एकजण म्हणाले. आणि ज्यांनीं स्वतः असे दाखले मिळविले होते, त्यांचा आवाज सर्वांत मोठा होता. चोराच्या मनांत चांदणें, म्हणतात तें हेंच.

आमच्या ह्या पाणथळ मुलुखांत हिंवतापाची ओळख जुनी आहे. त्याचा एक प्रकार एक दिवस आड येतो. जुनीं माणसें त्याला एकांतरा म्हणत. आयुर्वेदानें त्याला तृतीयक ज्वर असें नांव दिलें, आणि चौथ्या दिवशीं उलटणारा तो चातुर्थक. आधीं हुडहुडी भरते, चार घोंगडीं अंगावर घातलीं तरी दांत वाजत राहतात; मग अंग फणफणतें; मग घामानें अंथरूण भिजतें; आणि कांहीं तासांनीं तोच माणूस उठून बसतो व भाकरी मागतो. दुसरा दिवस मोकळा. ह्या वेळापत्रकाचें कारण इटलींतील गॉल्जी ह्या शास्त्रज्ञानें १८८५-८६ च्या सुमारास दाखवून दिलें. हिंवतापाचे जंतू रक्तांतील तांबड्या पेशींत वाढतात आणि ठराविक वेळानें, एकांतऱ्यांत सुमारें ४८ तासांनीं व चातुर्थकांत ७२ तासांनीं, त्या पेशी एकदम फुटतात. थंडी वाजते ती त्या वेळीं. हे जंतू लॅव्हेरन ह्या फ्रेंच डॉक्टरानें १८८० सालीं अल्जीरियांत प्रथम पाहिले होते, आणि डांसाच्या जठरांत त्यांच्या खुणा रोनाल्ड रॉस ह्यांना २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस सांपडल्या. एवढ्यानें भागत नाहीं. एकांतऱ्याचे कांहीं जंतू यकृतांत दडून राहतात, आणि माणूस बरा झाला असें सर्वांनीं ठरविल्यावर कित्येक महिन्यांनींसुद्धां पुन्हां रक्तांत उतरतात. म्हणूनच इतर औषधांबरोबर १४ दिवस प्रायमाक्वीनच्या गोळ्या देतात. तात्पर्य, ज्या दुखण्यांत माणूस एक दिवस अंथरुणांत आणि एक दिवस बाजारांत असतो, असें दुखणें शास्त्राला ठाऊक आहे. शिक्षकांच्या खोलीला नव्हतें.

मंगळवार आणि गुरुवार हे दोन दिवस ऐकून माझ्या मनांत हा हिशेब आला होता, हें खरें. सोमवारीं ताप, बुधवारीं ताप, शुक्रवारीं ताप. मधले दिवस मोकळे. परंतु शुक्रवारीं सकाळीं कोणी त्यांना काळ नदीच्या पुलावर पाणी पाहत उभे असलेले पाहिलें, आणि माझा सुबक हिशेब मोडला. नाहीं म्हणावयास ताप दुपारींही भरूं शकतो, आणि जंतूंच्या दोन पिढ्या पाठोपाठ वाढूं लागल्या तर तो रोजही येतो. म्हणजे आमच्या मंडळींच्या साक्षींवरून ते आजारी नाहींत असें सिद्ध होत नव्हतें, आणि माझ्या गणितावरून ते आजारी आहेत असेंही नाहीं.

दम्याचेंही असेंच आहे. गोपाळ गणेश आगरकर दम्यानें बेजार असत. तरी त्यांनीं ‘सुधारक’ चालविला, १८९२ पासून फर्ग्युसन कॉलेजचें प्राचार्यपद सांभाळलें, आणि १७ जून १८९५ रोजीं, चाळिशीही पुरी न होतां, ते वारले. रात्र बसून काढलेला माणूस सकाळीं वर्गांत उभा राहिला, तर पाहणाऱ्याला त्या रात्रीविषयीं काय कळणार?

संशयाच्या बाजूनें मोठी साक्ष आमच्या उंबरठ्यावरच आहे. माणगांवाहून निजामपूरमार्गें पाचाडला जाणारा रस्ता रायगडाच्या पायथ्याशीं पोंचतो. त्या गडाच्या धन्यानें १६६६ सालीं आग्र्यास जें आजाराचें सोंग आणलें, त्याहून नामांकित सोंग शोधून सांपडणार नाहीं. बाहेर फौलादखानाचा पहारा, आंत महाराज अंथरुणावर, आणि रोज मिठाईचे पेटारे दानासाठीं बाहेर जाऊं लागलेले. पहारेकऱ्यांनीं सुरुवातीला पेटारे उघडून पाहिले, मग कंटाळून सोडून दिलें. १७ ऑगस्टला महाराज निसटले. बखरी सांगतात कीं, हिरोजी फर्जंद महाराजांची अंगठी घालून, तो हात पांघरुणाबाहेर ठेवून निजला होता. पहारेकरी डोकावले, त्यांना अंगठी दिसली, त्यांची खात्री पटली. मुलांना ही कथा सांगतांना मी पेटाऱ्यांपेक्षां त्या अंगठीपाशीं अधिक थांबतों. तेथें हात पाहून पहारेकऱ्यांचा विश्वास बसला. आमच्याकडे केळीं घेणारा हात पाहून मंडळींचा विश्वास उडाला. हातापलीकडचें दोघांनींही पाहिलें नव्हतें. बाकी, आग्र्यास प्रश्न प्राणाचा आणि स्वराज्याचा होता. घटकचाचणी चुकविण्यासाठीं विद्यार्थ्यांनीं एवढ्या थोर दाखल्याचा आधार घेऊं नये.

उलट बाजूचें एक उदाहरण पहिल्या महायुद्धांतलें आहे; आपल्याकडे तें फारसें कोणी सांगत नाहीं. १९१४ च्या हिंवाळ्यांत हिंदी पलटणी फ्रान्समधील खंदकांत उतरल्या. जखमी शिपायांत हाताला गोळी लागलेले पुष्कळ आढळूं लागले. तेव्हां रणांगणांतून सुटका व्हावी म्हणून ते स्वतःच हातावर गोळी झाडून घेतात, असा बोभाटा झाला. इंग्लंडांत ब्रायटन येथें हिंदी सैनिकांसाठीं किचनर इस्पितळ होतें. तेथील प्रमुख कर्नल ब्रूस सीटन ह्यांनीं १९१५ सालीं एक हजार जखमांची छाननी केली, आणि ह्या बोभाट्याला आधार नाहीं असा अहवाल लिहून दिला. खंदकांतून लढणाऱ्याचे हात आणि डोकें हींच उघड्यावर येतात, तेव्हां गोळी तरी दुसरीकडे कोठें लागणार? ह्या सीटनसाहेबांविषयीं मला आदर वाटतो तो एवढ्यासाठीं कीं, शिपायांवर विश्वास ठेवा असें ते म्हणाले नाहींत आणि अविश्वास ठेवा असेंही म्हणाले नाहींत. त्यांनीं जखमा मोजल्या.

चौथ्या आठवड्यांत मुख्याध्यापकांनीं मला बोलाविलें. ते म्हणाले, “तुमचें घर त्यांच्याच आळींत आहे. सहज जाऊन या. समाचाराला आलां असें दिसूं द्या, आणि खरी प्रकृति काय आहे तें मला येऊन सांगा.” ते वाईट माणूस नव्हते. रोज कोणी ना कोणी पालक त्यांच्या दारांत उभा असे, आणि दहावीच्या मुलांचें वर्ष त्यांच्या डोळ्यांपुढें होतें. पालकांचेंही म्हणणें खरें होतें. शिक्षक आजारी असो वा नसो, मुलाचा धडा बुडाला तो बुडालाच. मी म्हणालों, “सर, मी जाईन, पण एक तर समाचाराला जाईन, नाहीं तर तपासणीला. एकाच चहावर दोन्ही कामें मला जमणार नाहींत. शाळेला शंका असेल, तर दुसऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासून घेण्याची मुभा नियमांत आहे. तसें पत्र उघडपणें जावें. आणि त्याच्या आधीं बदली शिक्षक मागणारें पत्र जावें. अर्धा संशय ह्या जादा तासांतून उगवला आहे.”

त्या सायंकाळीं मी समाचाराला गेलों. दोन चलांच्या समीकरणांतील एक गांठ मला सुटत नव्हती, ती बरोबर नेली. सर पडवींत कांबळें पांघरून बसले होते, दाढी वाढलेली. वहिनींनीं चहा दिला, पण त्या आंत गेल्या नाहींत. दाराशींच उभ्या राहिल्या. मी काय विचारतों, ह्याकडे त्यांचें लक्ष होतें. मीं समीकरण पुढें केलें. सरांनीं कागद मागविला, आणि पाऊण तास ते मला शिकवीत होते. मध्यें दोनदां थांबले, डोळे मिटून बसले, पुन्हां पेन्सिल घेतली. तें दुखणें होतें, थकवा होता, कीं माझ्या गणिताचा परिणाम होता, हें मला सांगतां येणार नाहीं. निघतांना त्यांनीं विचारलें, “शाळेंत माझ्याविषयीं काय म्हणतात?”

“म्हणतात, यंदा पाऊस फार आहे.”

ते हंसले. वहिनी हंसल्या नाहींत.

दुसऱ्या दिवशीं मीं मुख्याध्यापकांस सांगितलें कीं, सरांनीं मला समीकरणें समजावून दिलीं. “म्हणजे बरे आहेत?” त्यांनीं विचारलें. “समीकरणें बरीं आहेत,” मी म्हणालों. त्यांनीं थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलें आणि बदली शिक्षकाचें पत्र लिहावयास घेतलें. दुसऱ्या तपासणीचें पत्र त्यांनीं लिहिलें नाहीं.

बदली शिक्षक गणपतीनंतर आले. महाडहून रोज ये-जा करणारा एक तरुण. शिक्षकांच्या खोलींतील चर्चा त्यानंतर आठवड्याभरांत थांबली. सरांची प्रकृति सुधारल्याची कांहीं वार्ता आली नव्हती. आमचे तास मात्र कमी झाले होते.

सर दिवाळीनंतर हजर झाले. शर्ट अंगांत ढिला झाला आहे, असें एकजण म्हणाले. दुसरे म्हणाले, त्यांचे शर्ट पहिल्यापासून ढिलेच असतात. नववीच्या वर्गांत जाऊन त्यांनीं मुलांना विचारलें, “कोठवर आलां?” एका मुलीनें माझ्या हातचें उदाहरण फळ्यावर सोडवून दाखविलें. सरांनीं तें वरपासून खालपर्यंत पाहिलें, त्याच्याखालीं रेघ मारली, आणि पुढचें लिहावयास घेतलें.