दोन व्याख्यानमालांचे गाव

पंचांगातील वर्ष चैत्रात सुरू होते, पण मराठी गावाचे सांस्कृतिक वर्ष भाद्रपदात सुरू होते. गणेशोत्सवातील कार्यक्रम, नवरात्रातील भोंडला, कोजागिरीचे कविसंमेलन, दिवाळी पहाट, हिवाळ्यातील संगीतसभा आणि अखेरीस एप्रिलमधील व्याख्यानमाला, असा हा हंगाम आठ महिने चालतो. आमच्या तालुक्याच्या गावी तो एका जुन्या मंडळाच्या सभागृहात साजरा होतो. आम्ही दोघे येथील महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि गेली पंधरा वर्षे या मंडळाचे सभासद आहोत. पावत्या फाडण्यापासून आभारप्रदर्शनापर्यंत सर्व कामे आमच्या वाट्याला येऊन गेली आहेत.

या हंगामाची बहुतेक अंगे पुण्यामुंबईहून आलेली आहेत. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले ते १८९३ पासून, आणि पाठोपाठ मेळे आले. पुढे गावोगावच्या मंडळांनी हाच साचा आपापल्या ऐपतीप्रमाणे उचलला. साचा जुना असला तरी तो अगदीच ताठर नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई केली, तेव्हा रात्रभर चालणाऱ्या खुल्या मैफिली आटल्या. मैफल उत्तररात्रीकडे झुकल्यावर ज्यांची वाट पाहायची, ते ललत आणि तोडीसारखे राग अनेक ठिकाणी दिवाळी पहाटेच्या आश्रयाला आले. आज आमच्या गावातही वर्षातील सर्वांत मोठी गर्दी त्या एका पहाटे असते.

व्याख्यानमालेला मात्र असा आश्रय मिळाला नाही. पूर्वी ती सात दिवसांची होती. पुढे पाच, मग तीन दिवसांवर आली. मागील वर्षी दुसऱ्या दिवशी सभागृहात एकतीस श्रोते होते, त्यांत कार्यकारिणीचेच अकरा. बहुतेकांची वये सत्तरीकडे झुकलेली. वार्षिक सभेत खजिनदारांनी ताळेबंद मांडला आणि सरळ प्रस्ताव ठेवला : व्याख्यानमाला थांबवावी, त्या पैशांत जुन्या चित्रपटगीतांचा वाद्यवृंद आणावा. "लोकांना आता भाषण ऐकायचंच नाही," असे ते म्हणाले. सभेत कोणालाही हे विधान वावगे वाटले नाही.

आम्हाला वाटले. कारण त्याच एप्रिलमध्ये, त्याच गावात, आम्ही दुसऱ्या एका व्याख्यानमालेला जात होतो. मंडळाच्या सभागृहापासून पायी बारा मिनिटांवर, ओढ्यापलीकडच्या वस्तीत, ११ एप्रिलच्या फुले जयंतीपासून १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीपर्यंत चार संध्याकाळी व्याख्याने होतात. बुद्धविहारासमोर सतरंज्या अंथरलेल्या असतात, मागे बायका लेकरांना मांडीवर घेऊन बसतात, आणि जागा न मिळालेली तरुण मुले भिंतीला टेकून दीड-दीड तास उभी असतात. शेतमजुरीच्या कायद्यावर किंवा शिष्यवृत्तीच्या नियमांवर बोलणाऱ्या वक्त्याला व्याख्यानानंतर तासभर सोडत नाहीत. तेथील निम्मी मुले आमच्या वर्गात बसतात. मंडळाच्या सभागृहात त्यांतील एकही मूल आम्ही कधी पाहिले नव्हते. "तुम्ही येत का नाही?" असे एका विद्यार्थिनीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, तिथं पत्रिका लागते ना?" पत्रिका लागत नाही. पण ती लागते असे वाटावे, अशी व्यवस्था आम्ही सर्वांनी मिळून वर्षानुवर्षे सांभाळली आहे, हे त्या एका प्रश्नातून कळले.

वाङ्मयाच्या इतिहासात या दोन प्रवाहांची भेट नवी नाही. बहुधा ती भांडणातूनच झाली आहे. मेळ्यांतून राष्ट्रीय विचार गायिला जात असताना सत्यशोधकांनी तमाशाचा घाट घेऊन आपले जलसे उभे केले. १९२०च्या दशकात केशवराव जेधे यांच्या पुढाकाराने पुण्यात छत्रपती मेळा निघाला, तो तर उत्सवाच्या ऐन मैदानात उतरून प्रतिवाद करू लागला. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे आले आणि ती परंपरा वामनदादा कर्डकांच्या गीतांपर्यंत पोहोचली. परस्परांवर टीका करण्यासाठी का होईना, त्या काळी एकाचे गाणे दुसऱ्याच्या कानावर पडत होते. आज एका गावातील दोन हंगाम एकमेकांना ऐकूसुद्धा येत नाहीत. भांडणही उरले नाही, ही आमच्या मते अधिक चिंतेची बाब आहे.

म्हणून आम्ही सभेत उपसूचना मांडली : तीन दिवसांपैकी एक संध्याकाळ दोन्ही समित्यांनी मिळून ठरवावी आणि ती वस्तीत व्हावी. मंडळात कुजबुज झाली. कोणी वाहनतळाची अडचण काढली, कोणी देणगीदारांच्या नाराजीची. पलीकडच्या बाजूलाही लगेच होकार मिळाला नाही, आणि ते योग्यच होते. जयंती समितीतील एका ज्येष्ठांनी विचारले, "सर, तुम्हाला श्रोते कमी पडले म्हणून आम्ही आठवलो काय?" या प्रश्नाला आमच्यापाशी सोयीचे उत्तर नव्हते. "होय, सुरुवात तिथूनच झाली," असे सांगितले. ते हसले आणि त्यांनी एकच अट घातली : वक्ता आम्ही ठरवू.

यंदा ती संध्याकाळ झाली. पाण्याच्या वाटपावर एका निवृत्त अभियंत्याचे व्याख्यान होते. मंडळातून चौदा जण आले. खजिनदार त्यांत होते. व्याख्यानानंतर एका आजीबाईंनी वरच्या आळीला रोज आणि आम्हाला चार दिवसांनी पाणी का, असे विचारले, तेव्हा उत्तर देण्यासाठी वरच्या आळीचेच काही लोक समोर सतरंजीवर बसलेले होते. सभा बरीच तापली. आभारप्रदर्शन लांबले.

चौदा ही संख्या फार नव्हे. पुढील वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत ही संध्याकाळ राहील की नाही, हे जूनच्या सभेत ठरेल. वाद्यवृंदाचा प्रस्तावही तेथे पुन्हा येणार आहे, आणि जुनी गाणी आम्हालाही प्रिय आहेत. मात्र गावात श्रोता उरला नाही, हे वाक्य त्या सभेत आता कोणाला सहजासहजी उच्चारता येणार नाही. तूर्त आम्हाला एवढे पुरेसे वाटते.