रोहित, चिलापी आणि दोन कॅमेरे

बोनस जमा झाला की हापिसातला प्रत्येक जण तुमचा अर्थमंत्री होतो. ‘एसआयपी टाक.’ ‘बाली करून ये, तिकिटं स्वस्त आहेत.’ ‘सोनं घे गं, सोनं!’ माझ्याकडे २०२४ च्या दिवाळीपासून न मोडलेले ९०,००० रुपये होते आणि माझं ठरलेलं होतं... कॅमेरा. फक्त कुठला, ते ठरत नव्हतं. दोन महिने ठरत नव्हतं!

आधी माझं खानदान सांगते. २०१७ साली, पहिल्या नोकरीच्या जोरावर, ईएमआयवर घेतलेला कॅनन १३००डी. २०१६ चं मॉडेल, १८ मेगापिक्सेल, नऊ फोकस पॉइंट, सेकंदाला जेमतेम तीन फोटो. तेव्हा निम्म्या पुण्याच्या गळ्यात हाच होता. सोबत एक ५५-२५० एमएमची लेन्स. ती मात्र मी घेतलेली नाही. २०१९ मध्ये बाबा रेल्वेतून रिटायर झाले, तेव्हा त्यांनी स्वतःसाठी एक घड्याळ घेतलं, आईसाठी मिक्सर आणि माझ्यासाठी ही लेन्स. दुकानात एकटे गेले होते. ‘माझ्या मुलीकडे कॅनन आहे, लांबचे पक्षी यायला पाहिजेत,’ एवढंच सांगून घेऊन आले.

म्हणजे गणित सरळ होतं की नाही? कॅनन आहे, कॅननच घ्यायचा. ईओएस आर५०, २०२३ चा, २४ मेगापिक्सेल, मिररलेस आणि बॅटरी-कार्डासकट फक्त ३७५ ग्रॅम. एक अ‍ॅडॅप्टर लावला की बाबांची लेन्स त्यावर चालते, ऑटोफोकससकट. पैसेही उरतात. पण २०२४ च्या नोव्हेंबरात निकॉनचा झेड५०-टू आला आणि सगळा घोळ झाला. मेगापिक्सेल कमी, जवळजवळ २१. वजन ५५० ग्रॅम, म्हणजे माझ्या जुन्या १३००डीपेक्षाही जास्त! ‘मिररलेस म्हणजे हलका’ हे ज्यांनी पसरवलं, त्यांनी हा उचलून पाहावा. पण पक्ष्यांसाठी वेगळा फोकस मोड, दोन डायल आणि हातात नीट बसणारी ग्रिप. शिवाय निकॉन घ्यायचा म्हणजे लेन्सही नव्या. बाबांची लेन्स कपाटात.

शेवटी मावसभाऊ म्हणाला, “ताई, कोष्टकं पुरे. दोन्ही भाड्यानं घे आणि भिगवणला चल.” आयडिया झक्कास होती. पुण्यात दोन दिवसांच्या भाड्यानं कॅमेरे मिळतात. आधार कार्डाची कॉपी आणि डिपॉझिट, बस्स. २०२५ च्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पहाटे चार वाजता आम्ही हडपसर सोडलं. मागच्या सीटवर तीन कॅमेरे, एक थर्मास आणि भावाची न संपलेली झोप.

सोलापूर रोडला फेब्रुवारीत गाडी चालवणं हा एक वेगळाच स्पोर्ट आहे. लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, चौफुला... आणि मध्ये मध्ये अंधारात अचानक समोर येणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर नशीब. चौफुल्याला चहा मारला. कुरकुंभ मागे पडलं तेव्हा पूर्वेला जरा फटफटत होतं.

भिगवण म्हणजे उजनीचा फुगवटा. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि मागे पसरलेल्या पाण्याखाली इथली गावं गेली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की अजून डोकं वर काढतं. धरणाच्या जलाशयाला कागदोपत्री यशवंतसागर म्हणतात, बोटीवर कोणी म्हणताना मी ऐकलं नाही. हिवाळा संपत आला की पाणी उतरतं, काठाला उथळ चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलातलं खायला रोहित येतात. रोहित म्हणजे फ्लेमिंगो हो! इतकं सुंदर नाव असताना आपण उगाच फ्लेमिंगो-फ्लेमिंगो करतो.

कुंभारगावात मासेमारीच्याच बोटी सकाळी पक्षी दाखवायला नेतात. आमचे बोटवाले मामा साठीचे असावेत. दोन्ही कॅमेऱ्यांकडे बघून म्हणाले, “दोन कशाला ताई?” म्हटलं, “मामा, एक पास होणार, एक नापास.” ते हसले. “मग पेपर अवघड काढू का सोपा?”

सोप्यानं सुरुवात झाली. काठालगत चित्रबलाक उभे होते, गुलाबी शेपटाचे, अगदी पोझ दिल्यासारखे. कुरव आमच्या डोक्यावरून कलकलाट करत जात होते. दूर पट्टकदंबांचा थवा, म्हणजे हिमालय ओलांडून येणारी ती डोक्यावर दोन काळे पट्टे असलेली बदकं... बदकं नव्हे, हंसच. आम्ही अर्ध्या अर्ध्या तासानं कॅमेरे बदलायचे ठरवलं होतं. पहिली पाळी माझी, हातात कॅनन.

आणि खरं सांगते, पहिली पंधरा मिनिटं निकाल लागल्यासारखाच होता. मेनू ओळखीचा, बटणं ओळखीची. व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो जसा येणार तसाच आधी दिसतो, हे १३००डीवाल्या माणसाला जादूसारखं वाटतं. उभ्या चित्रबलाकाच्या डोळ्यावर फोकस चिकटला तो हललाच नाही. बाबांची लेन्स इतकी शार्प आहे, हे मला सहा वर्षांत कळलं नव्हतं. दोष लेन्सचा नव्हताच, नऊ पॉइंटवाल्या बॉडीचा होता.

फक्त एक गोष्ट खटकायला लागली. वजन. आर५० हलका आहे ना? आहे. पण त्याला ११० ग्रॅमचा अ‍ॅडॅप्टर लावा, त्यापुढे ३७५ ग्रॅमची लेन्स लावा, झाले ८६० ग्रॅम. निकॉनची बॉडी आणि तिची ५०-२५० लेन्स मिळून ९५५. दुकानात पावणेदोनशे ग्रॅमचा फरक वाटतो, बोटीत तो शंभराच्या आत येतो! आणि कॅननचं सगळं वजन पुढे. छोटीशी बॉडी, ग्रिपवर करंगळी धरायला जागा नाही, आणि पुढे लांब नळी. डुलणाऱ्या बोटीत ती नळी सारखी खाली झुकत होती.

मग मामांनी इंजिन बंद केलं आणि बांबू हातात घेतला. समोर रोहित. शे-दीडशे तरी असतील. लांबून पांढरी रेघ, जवळ गेल्यावर लांब गुलाबी पाय. चोच उलटी करून पाण्यात घालतात आणि गाळून खातात. सगळ्या माना एकदम खाली, मध्येच एखादी वर. आमच्या शेजारून दुसरी एक बोट इंजिन चालू ठेवून थेट थव्याकडे निघाली. त्यातल्या एकाला ‘फ्लाइट शॉट’ पाहिजे होता. मामा ओरडले, त्या बोटवाल्याला त्यांनी आईवरून काहीतरी सुनावलं ते इथं छापता येणार नाही. ती बोट थांबली. पक्ष्यांना उडवून फोटो काढणाऱ्यांबद्दल माझं मत मामांइतकंच सौम्य आहे.

दहा मिनिटं आम्ही गप्प बसून होतो. मग एक मार्श हॅरियर पाण्यावरून खालून आला, आणि थव्याला तेवढं पुरलं. रोहित जागेवरून उडत नाहीत, आधी पाण्यावर धावतात. वाऱ्याच्या दिशेला तोंड करून, मान पुढे ताणून, टपटपटप. मी बटण दाबून धरलं. मागे चमकणारं पाणी, त्यामुळे पक्षी काळपट दिसत होते, एक्सपोजर वाढवायला हवं होतं. शटर स्पीडही वाढवायला हवा होता. आर५० ला डायल एकच. एका कामावरून दुसऱ्यावर जायचं तर मध्ये बटण दाबायचं. मी ते शोधलं, चुकीचं दाबलं, पुन्हा शोधलं. आणि नेमके पंख उघडले, आतला तो लाल-काळा रंग दिसला, तेव्हा कॅमेरा थांबला. बफर भरला होता. मी रॉमध्ये काढत होते. आर५० सेकंदाला डझनभर फोटो काढतो खरा, पण रॉमध्ये ही चैन काही क्षणांचीच. थवा डोक्यावरून गेला आणि मी स्क्रीनवरच्या लाल दिव्याकडे बघत बसले.

भाऊ निकॉनवर होता. त्याचं काय झालं? त्याला एकही फोटो मिळाला नाही! निकॉनची ती लेन्स मिटलेली असते, आधी फिरवून उघडावी लागते, आणि साहेबांनी चहा प्यायला म्हणून मिटवून ठेवली होती. स्क्रीनवर ‘लेन्स उघडा’ असा निरोप आणि वर शंभर रोहित. मामा इतके हसले की बोट हलली.

“पेपर अवघड निघाला की,” म्हणाले.

थवा दूर जाऊन पुन्हा उतरला. आम्ही मागे गेलो नाही, लांबच राहिलो. मग माझी निकॉनची पाळी. पुढचा तासभर थव्यातले दोन-चार, पाच-सहा पक्षी आपणहून जागा बदलत राहिले. शटर स्पीड एका बोटाला, अ‍ॅपर्चर दुसऱ्याला. डोळा व्ह्यूफाइंडरवरून काढावा लागला नाही. फोकस पक्षी मोडवर, मान लांब केलेल्या रोहितावर चौकोन चिकटून राहत होता. सगळे शार्प आले का? नाही. दहातले चार. पण चुकलेले सहा माझे होते, मी पॅन करताना मागे पडले म्हणून. कॅननवर चुकले तेव्हा मी बटण शोधत होते. हा फरक कुठल्याही कोष्टकात नसतो, आणि मला नेमका तो नको होता. कारण मला कॅनन जिंकायला हवा होता.

बॅटरी दोघांचीही अकरापर्यंत धापा टाकायला लागली. मिररलेस घेणार असाल तर दुसऱ्या बॅटरीचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा. दुकानदार हे शेवटी सांगतो.

साडेअकराला काठावर उतरलो. चिलापी! उजनीवर आलात आणि चिलापी फ्राय न खाता गेलात तर येणं वाया. आम्ही भाकरी, रस्सा आणि तळलेल्या चिलापीवर आडवा हात मारला. जेवताना मी मामांचे, बोटींचे, जाळी वाळत घातलेल्या बांबूंचे फोटो काढले, आणि हाताला आपोआप कॅनन आला. अ‍ॅडॅप्टर काढून छोटी किट लेन्स लावली की तो पर्समध्ये मावतो, कोणी बिचकत नाही, व्हिडिओही मस्त. तुम्ही ट्रेकला, लग्नाला, पाँडिचेरीला जाणारे असाल, रील करणारे असाल, तर डोळे मिटून तो घ्या. पंख उघडण्याच्या त्या अर्ध्या सेकंदामागे लागणाऱ्यांसाठी मात्र नाही. मी कुठल्या जातीची, ते बोटीत ठरलं होतं.

परतताना कुरकुंभवरून दौंडला वळलो. आई-बाबा तिथंच राहतात, रेल्वे सुटली तरी दौंड सुटत नाही. चहा झाला. मी बाबांसमोर तिन्ही कॅमेरे मांडले आणि पुण्यापासून मनात घोळवलेलं वाक्य सुरू केलं, “बाबा, तुमची लेन्स आहे ना, ती खरंच खूप चांगली आहे, पण...”

बाबांनी निकॉन उचलला, कानाशी नेऊन बटण दाबलं. मग कॅनन. मग माझा १३००डी, लेन्ससकट. त्याला त्यांनी जरा जास्त वेळ धरलं.

“याच्यात कॅमेऱ्याचा आवाज येतो,” म्हणाले. “याचे किती येतील गं?”

“विकला तर? फार नाही. लेन्सचे थोडे येतील.”

“मग विकू नको. इथंच ठेव.”

“तुम्हाला कशाला?”

आई आतून म्हणाली, “अगं, रोज संध्याकाळी पुलावर जाऊन गाड्या बघत उभे राहतात. तुला काय माहीत?”

मला खरंच माहीत नव्हतं. चाळीस वर्षं गाड्यांत काढलेला माणूस संध्याकाळी मजा म्हणून मालगाड्या बघतो! मी त्यांना फोकस कसा धरायचा ते दाखवलं, नऊ पॉइंटांपैकी मधला पक्का करून दिला. मालगाडी काही रोहित नाही, तिच्यासाठी नऊसुद्धा जास्त झाले. झूम त्यांनी न विचारता फिरवलं.

सोमवारी मी निकॉन बुक केला, दोन लेन्सवाला सेट. ९०,००० पुरले नाहीत, वरचे क्रेडिट कार्डावर गेले आणि मे महिन्यापर्यंत बाहेरची कॉफी बंद झाली. लेन्स बसवताना अजूनही हात कॅननच्या दिशेनं फिरतो. निकॉनची उलटी बसते.

बुधवारी संध्याकाळी स्टँडअप मीटिंग चालू असताना बाबांचा व्हॉट्सअ‍ॅप आला. फोटोचा फोटो. १३००डीच्या स्क्रीनचा मोबाइलनं काढलेला. त्यात वळणावर एक मालगाडी, पुढचं इंजिन शार्प, मागे धुरकट दौंड, आणि कोपऱ्यात बाबांच्या अंगठ्याचं प्रतिबिंब. खाली लिहिलं होतं, ‘अंधार पडतो आहे. आयएसओ किती ठेवू? लवकर सांग, सव्वासातची येते आहे.’