भोंगा बसवावा कीं न बसवावा?

गेल्या महिन्यांत शेजारच्या गल्लींतून एक मोटारसायकल चोरीस गेली, आणि तिच्याच मागच्या बैठकीवर बसून आमच्या मनाची स्वस्थताहि निघून गेली. शेजाऱ्याच्या घरीं चोरी झाली म्हणजे मनुष्य आपल्या घराच्या कड्या दोनदां तपासून पाहतो, तशी आम्हीं त्या रात्रीं आमची मोटारसायकल तीनदां पाहून घेतली. हें वाहन आम्हीं पंचवीस वर्षांपूर्वीं, नोकरींत कायम झाल्यावर, हप्त्यांनीं घेतलें. चिरंजीव शाळेच्या पहिल्या दिवशीं तिच्याच पेट्रोलच्या टाकीवर बसून, रडत रडत, शाळेंत गेले. आज बाजारांत तिचें मोल भंगारवाल्याच्या तराजूवर ठरेल. परंतु टाकीवरील त्या जागेचें मोल करणारा तराजू अद्यापि निघालेला नाहीं.

चिरंजीव आतां बंगळुरास नोकरीस असतात. त्यांनीं दूरध्वनीवरून आज्ञा केली, "बाबा, उद्यांच्या उद्यां अलार्म बसवून घ्या." सौभाग्यवतींचें मत निराळें पडलें. "ह्या गाडीला हात लावील असा चोर अजून जन्मास यायचा आहे," असें त्या म्हणाल्या. अशा मतभेदाच्या प्रसंगीं प्रत्यक्ष प्रमाण पाहावें, ह्या हेतूनें आम्ही नेहमींच्या मेकॅनिककडे गेलों. त्यानें मुठीएवढी एक डबी आमच्या हातीं ठेवून तिची थोरवी सांगितली. वाहनास कोणीं धक्का दिला कीं डबींतील कंप ओळखणारा भाग जागा होतो आणि भोंगा किंचाळूं लागतो. किल्लीसोबतचें बटण मालकानें दाबलें म्हणजे तो गप्प बसतो. "सर, अख्खी गल्ली जागी होईल!" असें त्यानें वर आश्वासन दिलें.

आमचा स्वभाव पडला हिशेबी. भोंगा झोंपलेला दिसला तरी बॅटरींतून थोडा थोडा प्रवाह घेतच असतो. आमची बॅटरी १२ व्होल्टांची, ५ अँपिअर-तासांची. भोंग्यास अवघा १० मिलिअँपिअर प्रवाह लागतो असें धरलें, तरी दिवसाला सुमारें पाव अँपिअर-तास खर्चीं पडणार. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टींत आम्ही तीन आठवडे कोंकणांत राहून आलों, तर मोटारसायकल जागेवर असेल, पण बॅटरी मेलेली असेल. पहारेकऱ्यानेंच कोठारांतील दाणे खाऊन संपवावे, तशांतला हा प्रकार! उलट पक्षीं, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें जो विमा सक्तीचा केला आहे, तो आपल्या वाहनानें दुसऱ्याची जी हानि होईल तिच्यापुरता. तेवढाच विमा उतरविलेल्या आमच्यासारख्याचें वाहन चोरीस गेलें, तर एक पैहि हातीं यावयाची नाहीं. ह्या मुद्द्यावर चिरंजीवांचा पक्ष बळकट दिसूं लागला. परंतु २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांत निवासी भागासाठीं रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबेलांची मर्यादा घातलेली आहे, आणि मेकॅनिकच्या डबीवर तर १२० हा आंकडा मोठ्या अभिमानानें छापलेला होता! पारडीं पुन्हां समान झालीं.

खरें सांगावयाचें तर हे सारे मुद्दे आम्ही बुद्धीपुढें मांडीत होतों, तेव्हां मनांत मात्र एक निराळीच रात्र उभी होती.

आमच्याच इमारतींत राहणाऱ्या एका तरुण भाडेकरूच्या मोटारसायकलला असा भोंगा आहे. बैठकीवर मांजर चढलें कीं तो ओरडतो, रस्त्यावरून वाळूचा ट्रक गेला कीं ओरडतो, आणि गणपतीच्या मिरवणुकींतील ढोलांस तर तो न बोलावतां साथ करतो. पहिल्या आठवड्यांत आम्ही सारे गॅलरींत येऊन डोकावलों. दुसऱ्या आठवड्यांत अंथरुणांतच उठून बसलों. तिसऱ्या आठवड्यांत नुसती कूस बदलली. लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्या मुलाची गोष्ट आम्हां सर्वांस पाठ आहे. पण गोष्ट पाठ असणें निराळें आणि ती आपली आहे हें ओळखणें निराळें.

गतवर्षीं श्रावणांत, एके रात्रीं पावणेतीनच्या सुमारास, भोंगा वाजला. थांबला, पुन्हां वाजला. आम्हीं उशी कानावर ओढून घेतली. खालच्या मजल्यावर एकटेच राहणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांस सारे अण्णा म्हणतात. छातींत कळ आली म्हणून रिक्षा पाहण्यास ते बाहेर पडले होते, आणि तोल जाऊन त्या मोटारसायकलवर रेलले होते. पहांटे दूधवाल्यानें त्यांस तिच्याच शेजारीं पडलेले पाहिलें, तेव्हां ही हकीकत उघडकीस आली. ईश्वरकृपेनें अण्णा वांचले. बारा दिवसांनीं ते रुग्णालयांतून परत आल्यावर आम्ही भेटावयास गेलों, तेव्हां ते सहज बोलून गेले, "भोंगा वाजला ना सर, तेव्हां मला केवढा धीर आला! म्हटलं, आतां कोणी तरी येईल." त्यांच्या बोलण्यांत ठपका नव्हता, म्हणूनच तें आम्हांस अधिक लागलें. समोर ठेवलेला चहा आमच्यानें संपविवला नाहीं.

जुन्या मराठी गांवगाड्यांत भोंगा नव्हता, जागल्या होता. चोरी झाली तर त्यानें चोराचा माग काढावा, आणि तो माग दुसऱ्या गांवच्या शिवेंत गेला, तर पुढची जबाबदारी त्या गांवावर यावी, अशी रीत होती. ती व्यवस्था आदर्श होती असें आमचें म्हणणें नाहीं. रात्र रात्र जागण्याचा भार ज्या जातींवर लादलेला होता, त्यांच्या वांट्यास मान फारसा आला नाहीं. तथापि हांक आली तर ‘ओ’ कोणीं द्यावयाची, हें तेथें ठरलेलें होतें. भोंगा हांक तेवढी मारतो. ‘ओ’ कोणाची, तें त्यास ठाऊक नाहीं, आणि आम्हांसहि नाहीं.

शेवटीं आम्हीं भोंगा बसविला नाहीं. हँडलचें बिघडलेलें कुलूप दुरुस्त करून घेतलें, आणि एक जाड साखळी आणून मागचें चाक आवारांतील लोखंडी खांबास जखडलें. साखळी मुकी असते. पण कोणी येईल अशी खोटी आशा ती कोणास लावीत नाहीं. चिरंजीवांस तसें कळविलें. "आणि तरीहि गेली तर?" असें त्यांनीं विचारलें. तर जाईल, ह्यापलीकडे आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

परवां रात्रीं त्या भाडेकरूचा भोंगा पुन्हां वाजला. आम्ही चपला पायांत सरकवून खालीं उतरलों. बैठकीवर मांजर बसलें होतें. अण्णांच्या खिडकींत दिवा लागला आणि आंतून प्रश्न आला, "कोण आहे?"

"मांजर आहे, अण्णा. झोंपा तुम्ही."

"बरं बरं," ते म्हणाले, आणि दिवा मालवला.