एमबीए इथलं की तिथलं?

‘बीबीए झालं, आता पुढे काय?’ या एका प्रश्नावर सध्या आमच्या घरी रोज राउंड टेबल कॉन्फरन्स भरते. धाकट्या बहिणीला ब्रिटनला जायचंय. बाबांचं म्हणणं, सोलापूरला २००४ पासून स्वतःचं विद्यापीठ आहे, इथेच कर ना! शिवाय परदेशासाठी कर्ज काढायचं, तर राहतं घर तारण. काका थेट वालचंद हिराचंदांवर जातात. १८८२ मध्ये आपल्याच गावात जन्मले, १९१९ मध्ये सिंधिया जहाज कंपनी उभी केली. कुठे होतं एमबीए?

मी पडले पत्रकार. घरातच दोन सॅम्पल्स होती. मावसबहीण सोलापुरात एमबीए झालेली, आतेभाऊ ब्रिटनहून शिकून आलेला. दोघांना एकच केस दिली : चाटी गल्लीतल्या चादरीच्या दुकानाचा धंदा बसतोय. काय करशील?

मावसबहीण म्हणाली, ‘उधारी किती दिवसांची आहे? सुताचा भाव काय चाललाय?’ आतेभावाने विचारलं, ‘गिऱ्हाईक कोण, घरगुती की हॉटेलवाले? सोलापुरी चादरीला जीआय आहे, पण ते गिऱ्हाइकाला कळतं का?’

दोघंही बरोबर! मग हे शिकले कुठे? मावसबहीण हसली. ‘पेपर पाठ करून दिले गं. उधारी कळली ती अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात, दोन महिन्यांच्या प्रोजेक्टमध्ये.’ आतेभावाचा पहिला निबंध ‘यात तुझं मत कुठे आहे?’ असा शेरा घेऊन परत आला होता. ग्रुपमध्ये कुणाला सोलापूर ठाऊक नव्हतं, त्यामुळे प्रत्येक गोष्ट मुळापासून समजावून सांगावी लागायची. तशीच प्रश्न विचारायची सवय लागली.

दोघांवरून सिद्धांत मांडायचा नाही, पण एक नक्की. जिथे हात घालावा लागला, तिथेच शिक्षण झालं.

म्हणून कॉलेज निवडताना चकचकीत ब्रोशर बाजूला ठेवा. प्रोजेक्ट खरा असतो की नुसता फाइलमध्ये? तुमचं लिखाण कुणी वाचून परत देतं का? हे तिथल्या माजी विद्यार्थ्यांना विचारा. बहिणीने ही चौकशी करून दोन्हीकडे अर्ज केलाय.

आणि कर्जाचं म्हणाल, तर ब्रिटनने शिक्षणानंतरच्या नोकरीचा व्हिसा २०१२ मध्ये बंद केला आणि २०२१ मध्ये नव्या रूपात परत आणला. त्यामुळे हप्त्यांचं गणित इथल्या पगारावर मांडा. तरीही जमत असेल, तर खुशाल बॅग भरा!