आटे

लायब्ररी म्हटले की डोळ्यांपुढे कपाटे आणि पुस्तके येतात. मी कला शाखेचा विद्यार्थी, माझेही तसेच. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत निराळ्याच लायब्रऱ्यांनी माझी झोप उडवली.

वर्गातील एका मित्राला दिसत नाही. पुस्तकाच्या पानाच्या फोटोवरून मराठी अक्षरे ओळखणारा 'टेसरॅक्ट' हा प्रोग्राम त्याच्या 'रास्पबेरी पाय ३' या एटीएम कार्डाएवढ्या संगणकावर बसवून द्यायचे मी कबूल केले होते. नवी आवृत्ती हवी, म्हणजे ती मूळ कोडपासून बांधणे आले. पायची मेमरी अवघी १ जीबी, काम रखडे. म्हणून माझ्या जुन्या लॅपटॉपवर बांधून पायवर न्यायचे ठरवले. याला क्रॉस-कंपायलिंग म्हणतात. स्वयंपाक एका घरी, पंगत दुसऱ्या घरी!

टेसरॅक्टला लेप्टोनिका ही लायब्ररी लागते, तिला लिबपीएनजी, लिबपीएनजीला झेडलिब. लिंकर एका ओळीत म्हणे, झेडलिब आहे पण जुळत नाही. खालच्याच ओळीत म्हणे, सापडत नाही! तीन रात्री मी त्या दोन ओळींकडे पाहत बसलो.

अण्णा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. शाळा चौथीपर्यंत. मी कॉलेजात गेल्यापासून आमचे बोलणे कमी झाले होते. खरे सांगायचे तर मीच टाळत असे. तिसऱ्या रात्री त्यांनी विचारले, "काय अडलंय?" उगाच सांगायचे म्हणून सांगितले. ते म्हणाले, "अरे, नाव तेच असंल, आटे निराळे असतील. कुठल्या डब्यातला बोल्ट घेतलास?"

डबा! लिंकर माझ्या लॅपटॉपच्याच डब्यातली झेडलिब उचलत होता. ती इंटेलच्या जातीची. पायचा प्रोसेसर एआरएम. मग पायसाठी वेगळे फोल्डर केले. तळापासून एकेक लायब्ररी एआरएमसाठी बांधून तिथे ठेवली: आधी झेडलिब, मग लिबपीएनजी, मग लेप्टोनिका. लायब्रऱ्यांचे पत्ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगलाही बजावले, या फोल्डरबाहेर पाहायचे नाही.

टेसरॅक्ट तयार झाले. मित्राच्या खोलीवर फोटो काढला. एक अक्षर उमटेना. तो बिचारा कान लावून बसलेला. फोनचा फोटो जेपेग, आणि लिबजेपेग मी बांधलीच नव्हती! लेप्टोनिकाने तिच्यावाचून मुकाट्याने काम उरकले होते.

दोन दिवसांनी पुन्हा गेलो. ईस्पीकच्या यांत्रिक आवाजात पान वाचले गेले, दोन-तीन शब्द चुकलेच. मित्र एवढेच म्हणाला, "पुढचं पान घे."

घरी येऊन अण्णांना सांगितले. ते एक मोटार खोलून बसले होते. वर न पाहता म्हणाले, "बरं झालं. तो १२-१३ चा पाना दे." मी दिला आणि शेजारी बसलो.