संथ, पण खोल

चित्रपट पाहायला तिकीट लागतं, मत द्यायला लागत नाही. त्यामुळे मत देणाऱ्यांची संख्या पाहणाऱ्यांपेक्षा नेहमीच थोडी जास्त भरते. मी पडलो बँकेतला कारकून. दोन बाजूंचा मेळ बसला नाही की मला चैन पडत नाही. म्हणून पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव असो (तो २००२ साली सुरू झाला) की एखाद्या फिल्म सोसायटीचा खेळ असो, मी जातो तो पडद्यावर जे असतं त्यासाठी, आणि तितकाच, खेळ सुटल्यावर बाहेरच्या पायऱ्यांवर जे चालतं त्यासाठी.

पायऱ्यांवरच्या रसिकांचे ठोकळमानाने तीन प्रकार. पहिला ‘संथ, पण खोल’वाला. हे मत बेअरर चेकसारखं असतं. कुठल्याही देशाच्या कुठल्याही चित्रपटावर वटतं. चित्रपट इराणचा असो नाहीतर हंगेरीचा, तो संथ असतोच. आणि खोल नाही असं चारचौघांत म्हणायची कुणाची छाती आहे?

दुसरा ‘आधी तो बघा’वाला. तुम्ही मोठ्या हौसेने कुरोसावाचा ‘राशोमोन’ पाहून बाहेर आलात की हा विचारणार, “ओझू पाहिलाय का?” पुढच्या वर्षी तुम्ही ओझू पाहून या. “नारुसे पाहिल्याशिवाय ओझू कळत नाही हो!” असं मागे मागे सरकत शेवटी तो अशा एका दिग्दर्शकापाशी पोचतो, की ज्याच्या सगळ्या प्रिंटा युद्धात जळालेल्या असतात. तिथे वाद मिटतो.

तिसरा झोपणारा. हा त्यातला प्रामाणिक. मात्र जागा झाल्यावर सर्वांत ठाम मत याचंच असतं, आणि ते नेमकं ‘लयी’बद्दल असतं.

आता बी. कॉम. झालेल्या माणसाला या दरबारात कोण विचारणार? पण व्हित्तोरिओ द सिकाचा १९४८ सालचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ निघाला, की मी दोन पायऱ्या वर चढून बोलतो. त्यातल्या बेकार नवऱ्याला भिंतींवर पोस्टरं चिकटवायची नोकरी मिळते, पण सायकल हवी. आणि सायकल तर गहाण पडलेली. बायको पलंगावरच्या चादरी काढते आणि गहाण ठेवायला नेते. तिथला माणूस चादरींचं गाठोडं घेऊन वर वर चढत जातो, तर तिथे छतापर्यंत नुसत्या चादरीच चादरी! मंडळी त्या दृश्यातला प्रकाश वाखाणतात. मी म्हणतो, अहो, एक गहाण सोडवायला दुसरं गहाण, आणि अख्ख्या शहराची झोप फडताळात जमा! महायुद्धानंतरच्या इटलीचा ताळेबंद याहून चोख कुणी मांडला असेल, तर मला दाखवा.

हाच चित्रपट १९५० साली लंडनला पाहून सत्यजित राय यांचा निश्चय पक्का झाला आणि १९५५ साली ‘पथेर पांचाली’ आला. बिमल रॉय यांनीही तो पाहिला आणि १९५३ साली ‘दो बिघा जमीन’ दिला. आम्ही पाहिला आणि चहा घेतला. प्रत्येकाची कुवत असते.

या मतामतांच्या गलबल्यात विलायतेतल्या ‘साइट अँड साउंड’ मासिकानं एक शिस्त आणली आहे. दर दहा वर्षांनी ते जगभरच्या समीक्षकांना सर्वश्रेष्ठ चित्रपट विचारतं. पहिल्यांदा, १९५२ साली, आमची सायकल पहिली आली. मग १९६२पासून २००२पर्यंत ओळीने पाच वेळा ‘सिटिझन केन’. इतकी वर्षं खुर्ची न सोडणं आमच्या युनियनच्या सरचिटणीसांनाही जमलेलं नाही! २०१२ साली हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’नं त्याला उठवलं. आणि २०२२ साली पहिली आली ती शांताल आकरमान या बाईंची १९७५ सालची ‘जान दिलमान’. पायऱ्यांवर हाहाकार उडाला.

कारण चित्रपट ३ तास २१ मिनिटांचा, आणि त्यात ब्रसेल्समधली एक विधवा तीन दिवस घरकाम करते. बटाटे सोलते, भांडी घासते, मुलाच्या बुटांना पॉलिश करते. दुपारी पोटासाठी तिला जो उद्योग करावा लागतो, त्याविषयी पायऱ्यांवरसुद्धा खालच्या आवाजात बोलतात. एका सोसायटीनं तो दाखवला तेव्हा मी सौभाग्यवतींनाही नेलं. नेलं म्हणजे, “चारला सुटणार असेल तर येते. पाचला नळ येतो,” या अटीवर त्या आल्या.

खेळ सुटला. पहिले रसिक म्हणाले, “संथ, पण खोल.” दुसरे म्हणाले, “आधी यांचे लघुपट बघायला हवेत.” तिसऱ्यांनी डोळे चोळत लयीचा विषय काढला आणि भिडेपोटी विचारलं, “वहिनी, तुम्हाला काय वाटलं?”

“खोलीतून बाहेर पडताना दर वेळी दिवा बंद करते. शहाणी बाई,” ही म्हणाली. “पण दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजले ना, तेव्हाच मला कळलं, हिचं काहीतरी बिनसलंय. नंतर पैशांच्या भांड्यावर झाकण ठेवायलाही विसरली. एवढ्या टापटिपीची बाई उगाच विसरत नाही हो, भाऊजी.”

पायऱ्या गप्प झाल्या. ते बटाटे पडद्यावर सगळ्यांनीच पाहिले होते. खोल काय आहे ते मात्र एकटीला दिसलं होतं. आणि संथ तर तिला काहीच वाटलं नव्हतं. रोज त्याच वेगानं तर तिचा दिवस जातो! “नळ जाईल,” म्हणून ती रिक्षा बघायला लागलीसुद्धा.

जगातल्या समीक्षकांनी पुढच्या खेपेला, २०३२ साली, कुणाला पहिलं आणायचं ते आणोत. आमच्या घरी मात्र आता एक नियम झाला आहे. भाजीतला बटाटा जास्त शिजलेला लागला, की मी पेपर खाली ठेवतो आणि विचारतो, “काय गं, काय झालं?”